सल्फाइड उत्प्रेरकांची तुलना करायची तर आधी कडा मोजा

"या नमुन्याची सक्रियता दर ग्रॅमला दुप्पट आली," असं कोणी सांगत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कडा किती होत्या?

मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थराचा सपाट पृष्ठभाग जवळपास निष्क्रिय असतो. काम होतं ते कडेवर. २००७ मध्ये हारामियो आणि सहकाऱ्यांनी सोन्यावर वाढवलेल्या क्लस्टरांत (अणूंच्या सपाट पुंजक्यांत) पाहिलं, की हायड्रोजन तयार होण्याचा वेग क्षेत्रफळाशी नाही, तर कडेच्या लांबीशी जुळतो. म्हणून अशा पुंजक्याचा त्रिकोण कागदावर काढा. बाजूवर ६ मॉलिब्डेनम अणू धरले तर एकूण २१, त्यातले १५ कडेवर. बाजूवर २० धरले तर एकूण २१०, पण कडेवर फक्त ५७.

तरीही जितकं लहान तितकं चांगलं, असं मानू नका. सोन्यावरच्या त्रिकोणाच्या बाजूवर सहापेक्षा कमी अणू उरले की मॉलिब्डेनमची कड जाऊन मुख्यतः गंधकाची कड येते. म्हणजे आकार बदलला की कडेवरच्या सक्रिय जागांची संख्याच नाही, त्यांची जातही बदलते.

आता आधार, म्हणजे ज्या पदार्थावर सल्फाइड पसरवतात तो. इथे मी स्वतः चुकले होते. ॲल्युमिना आणि टिटॅनिया (ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची ऑक्साइडं), दोन्हींवर १० टक्के मॉलिब्डेनम चढवलं आणि आधाराचा परिणाम सापडला म्हणून आनंदले. पण ॲल्युमिनाचं क्षेत्रफळ ग्रॅमला २०० चौरस मीटर होतं, टिटॅनियाचं ५०. हिशेब केला तर एका चौरस नॅनोमीटरवर ॲल्युमिनावर चारच्या आत अणू, टिटॅनियावर जवळपास पंधरा! तिथे एकावर एक थर रचले जाणारच. मी आधार नव्हे, गर्दी मोजली होती. तेव्हापासून वजनाचे टक्के नाही, चौरस नॅनोमीटरमागचे अणू सारखे ठेवते.

ॲल्युमिना थराला ऑक्सिजनच्या बंधांनी घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे सल्फायडिंग (ऑक्साइडचं सल्फाइड करणं) अर्धवट राहू शकतं. कार्बनची पकड सैल असते. ॲल्युमिनावर ती सैल करायची असेल तर मॉलिब्डेनमच्या द्रावणात सायट्रिक ॲसिड घालून पाहा, पण मग कॅल्सिनेशन (हवेत खूप तापवणं) टाळा, नाहीतर ते ॲसिड जळून जाईल.

शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ०.६२ नॅनोमीटर अंतरावरच्या काळ्या रेषा (बाजूने दिसणारे थर) मोजा, किमान ३०० तरी. आडवे पसरलेले थर रेषा म्हणून दिसतच नाहीत. म्हणून त्याच नमुन्यावर, कडेच्या जागांना चिकटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचं शोषणही मोजा, आणि सल्फायडिंगनंतर नमुन्याला हवा लागू देऊ नका.