मृगाच्या पहिल्या सरीवर तिफण धरू नका

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 2016 साल विसरता येणार नाही. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि सप्टेंबरअखेर त्याच भागात अतिवृष्टीने हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात गेले. म्हणून दोन-तीन एकरांवर घर चालवणाऱ्यांनी यंदाच्या खरिपात उघडीप आणि अतिवृष्टी दोन्ही धरूनच आखणी करावी.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय पेरू नका. मृगाच्या एखाद्या सरीने वरचीच माती भिजते. दाणा फुगतो, मग आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो आणि कोंब मातीतच वाळतो. दुबार पेरणीचे बियाणे बहुतेक वेळा उधारीवरच येते आणि ती उधारी पुढे वर्षभर निस्तरत बसावी लागते. शेजारची तिफण चालू झाली तरी आपण थांबावे.

तोवर घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडून धडधाकट कोंबच मोजा. वाकडे, मोडके सोडून द्या. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी 26 ते 30 किलो बियाणे पुरते. साठच्या आसपास निघाले तर एकरी चार-पाच किलो वाढवा. त्याहून कमी असेल तर ते पेरूच नका. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू. सोयाबीनचे साल पातळ असते, बी जोरात चोळू नका. पेरणी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

पेरणी शक्यतो बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणाऱ्या) यंत्राने, रुंद वरंब्यावर करा. दोन्ही बाजूंच्या सऱ्या उघडिपीत ओल धरतात, अतिवृष्टीत जादा पाणी बाहेर काढतात. एकाच खर्चात दोन्ही संकटांवर चालणारा याहून चांगला उपाय कोरडवाहूत माझ्या पाहण्यात नाही. यंत्र मिळाले नाही तर दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडा. सरीचे तोंड उताराकडे मोकळे हवे, नाहीतर पाणी शेतातच तुंबेल.

सगळे रान सोयाबीनखाली घालू नका. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर हे आंतरपीक घ्या. सोयाबीनला फटका बसला तरी खोल मुळाची तूर बरेचदा घर सावरते. पाऊस वेळेवर आला तर थोडा मूग किंवा उडीद जरूर घ्या, सणासुदीला हातात पैसा येतो. पण 7 जुलैनंतर ही दोन्ही पिके नकोत. सोयाबीन 15 जुलैपर्यंतच. त्यापुढे बाजरी, तूर, एरंडी बघा. बांधाकडेचा एक तुकडा चाऱ्याच्या ज्वारीला राखून ठेवा. चारा नसला की शेळ्या पडेल भावाने विकाव्या लागतात.

पीक उभे असताना उघडीप लांबली तर कोळपणी थांबवू नका. मातीच्या भेगा बुजल्या की ओल टिकते. फुलोऱ्यात ताण दिसला तर 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट हे विद्राव्य खत) मिसळून फवारा.

आणि ताडपत्री आत्ताच घेऊन ठेवा. काढणीत पाऊस आला की तालुक्याला मिळत नाही, मिळाली तर दर दुप्पट असतो. सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लावा, खाली तुराट्या अंथरा आणि भोवती चर काढा.