सांगाडा शेवटी पाहावा: एकोणिसाव्या शतकातील व्यंगचित्र वाचण्याची एक रीत

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या वाचनगटाने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्रे पाहायला घेतली, तेव्हा पहिल्याच रविवारी एक गोष्ट ध्यानात आली. चित्रात सांगाडा दिसला की पाहणारा ‘हा मृत्यू’ असे म्हणून मोकळा होतो आणि पुढचा कागद मागतो. दारिद्र्य आणि मरण यांवरची ही चित्रे वाचायची असतील, तर सांगाड्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

एका बैठकीला तीनच चित्रे पुरतात. लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या काळातील कॉलऱ्याची चित्रे पाहायला मिळतात. ती उतरवून गोखले रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकारात छापून घ्यावीत. कारण ही चित्रे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली असल्याने त्यांतील उजेड आणि काळोख रेघांच्या दाट-विरळपणावर उभा असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्या रेघांचा नुसता करडा डाग होतो. चित्राखालची ओळ कागदाच्या पट्टीने झाकून ठेवावी.

सुरुवात व्यंगचित्रकार जॉन लीच यांच्या, २५ सप्टेंबर १८५२ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातील चित्राने करावी. (बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती त्यानंतर सात महिन्यांच्या आत, एवढे सांगितले की काळ आपोआप जवळ येतो.) नजर तळाकडून वर न्यावी. उकिरडा, तो उकरणारी बाई, मेलेला उंदीर मिरवणारे पोर, वर वाळत घातलेले कपडे आणि प्रवाशांना मुक्कामाची जागा देऊ करणाऱ्या पाट्या, असे जे दिसेल ते प्रत्येकाने मोठ्याने सांगावे. मगच पट्टी काढावी. खाली ‘किंग कॉलरा’चे ‘कोर्ट’ असे लिहिलेले आहे. इंग्रजीत कोर्ट म्हणजे राजाचा दरबार, आणि गरिबांच्या घरांच्या मधोमध कोंडलेला चौकही. मराठीत हा श्लेष एका शब्दात उतरत नाही, म्हणून तो उलगडून सांगावाच लागतो. एवढे झाल्यावर राजा कुठे आहे, असे विचारावे. तो चित्रात नाही. दरबार मात्र खच्चून भरलेला आहे.

यानंतर सालाचा विचार करावा, आणि माझ्या मते खरे वाचन इथेच सुरू होते. कॉलरा पाण्यातून पसरतो असे लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी १८४९ मध्येच मांडले होते, पण १८५२ मध्ये बहुतेक डॉक्टर दूषित हवेलाच दोष देत होते. म्हणूनच लीच यांनी जणू दुर्गंधीच रेखाटली. आता जॉर्ज पिनवेल यांचे, ऑगस्ट १८६६ मध्ये ‘फन’ साप्ताहिकात आलेले चित्र शेजारी ठेवावे. भांडी घेऊन आलेली बायका-मुले रस्त्यावरच्या हापशाभोवती जमली आहेत, आणि दांडा सांगाड्याच्या हातात आहे. दोषी हवेचे दोषी पाणी झाले ते या चौदा वर्षांत. खालची ओळ सांगते की हे पाणी गरिबांना फुकट आहे, पॅरिशच्या परवानगीने. पॅरिश म्हणजे स्थानिक कारभार पाहणारी यंत्रणा, आणि चित्रकाराचा नेम तिच्यावर आहे.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या पंपाच्या पाण्याशी स्नो यांनी १८५४ मध्ये कॉलऱ्याचा संबंध जोडला, त्या पंपाचे हे चित्र समजू नये. तो प्रसंग बारा वर्षे आधीचा. १८६६ च्या उन्हाळ्यात पूर्व लंडनला ग्रासणारा कॉलरा पसरला तो एका खाजगी पाणी कंपनीने न गाळता नळांतून सोडलेल्या पाण्यातून. चित्रात मात्र ना नळ आहे, ना कंपनी. व्यंगचित्र कोणावर तुटून पडते याच्या जोडीला कोण त्याच्या तडाख्यातून सुटले, हेही वहीत टिपावे.

तिसरे चित्र जॉन टेनिएल यांचे, जुलै १८६३ च्या ‘पंच’मधील. मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी अतिश्रमाने मरण पावल्याची बातमी नुकतीच गाजली होती. यात सांगाडा नाहीच. नव्या झग्यातली श्रीमंत बाई आरशासमोर उभी आहे, आणि आरशात तिच्याऐवजी खुर्चीत कलंडलेली मुलगी दिसते. हे चित्र पाहताना बोलू नये. पट्टी काढल्यावर ओळ वाचावी. ती ना बाईच्या तोंडी आहे, ना मुलीच्या. बोलते आहे ती दुकानाची मालकीण, आणि ती झगा वेळेवर तयार झाल्याचे सांगते आहे.