वळताना मागून घर्रर्र येतंय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी हे वाचा

माझी गाडी २००९ ची होंडा सीआर-व्ही. ऑटोमॅटिक, आणि गरज पडली की मागच्या चाकांनाही जोर देणारी. धंदा टॉवेलचा, त्यामुळे उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेला. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्याच्या गेटातून आत वळताना मागून आवाज यायला लागला, लोखंडी कपाट फरशीवरून ढकलावं तसा. सरळ रस्त्यावर काहीच नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू वळलं की घर्रर्र.

एका गॅरेजवाल्यानं दहा मिनिटांत निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, पुण्याला न्या. मी गाडी तशीच परत आणली. आमचे जॉबर (लूम सांभाळणारे मिस्त्री) मामा मागच्या सीटवर बसले, आवारात दोन गोल फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "मालक, आवाज पुढं नाय, माझ्या बुडाखाली हाय."

बरोबर होतं. या गाडीत मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गोळ्यात, दोन छोटे तेलपंप असतात. एक पुढच्या चाकांच्या वेगानं फिरतो, दुसरा मागच्या. पुढची चाकं घसरून जास्त फिरली की दोन्ही पंपांच्या दाबात फरक पडतो आणि त्या दाबानं क्लचच्या चकत्या आवळल्या जाऊन मागच्या चाकांना जोर मिळतो. पण वळतानाही पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तेल ताजं असेल तर चकत्या एवढा फरक गुपचूप सोसतात. तेल मेलेलं असेल तर धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. तोच घर्रर्र. पावत्यांची फाइल चाळली: इंजिन ऑइल दरवेळी बदललेलं, हे तेल एकदाही नाही.

तेल होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच घ्या. नव्वद नंबरचं गिअर ऑइल "चालतंय की" म्हणून कुणी ओतू पाहिलं तर हात धरा. ते या क्लचसाठी नाहीच. साधारण सव्वा लिटर लागतं. गाडी सपाट हवी, म्हणून मी शेजारच्या टेम्पो गॅरेजचा खड्डा मागून घेतो. नुसती पुढची चाकं जॅकवर उचलून गिअर टाकून बघायचा मोह टाळा. पुढची हवेत फिरली की मागची जोर घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

खड्ड्यात उतरलात की आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सोडवा. खालचा नंतर. उलटं केलं, तेल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथंच अडकली. दोन्ही बोल्टना चौकोनी भोक असतं, ३/८ इंचाच्या रॅचेटचं टोक थेट बसतं. माझं तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं निघालं, वास करपट. वॉशर नवे घाला, खालचा बोल्ट आवळा आणि नळीनं वरच्या भोकातून तेल बाहेर ओघळेपर्यंत भरा. मग लूम बंद असतील त्या दिवशी आवारात इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू फेऱ्या मारा, म्हणजे तेल चकत्यांत मुरतं. माझा आवाज पाचव्या-सहाव्या फेरीला मंदावला, दुसऱ्या दिवशी गेला.

खड्ड्यात आहातच तर पुढच्या गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफही काढा. इथला एप्रिल-मे आणि सात रस्ता चौकातली थांबत-थांबत चाल, दोन्ही त्या तेलाच्या मुळावर उठतात. चौकोनी भोकाचा बोल्ट गिअरबॉक्सचा, षटकोनी डोक्याचा इंजिनचा. घाईत भलतंच तेल काढून ठेवणारे मी पाहिलेत. बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलई असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीजच आहे. नखानं उचलता येतील असे धातूचे कण सापडले तर मात्र गाडी जाणत्या माणसाकडे न्या. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय, गाडी चालवूच नका.

एका वेळी अडीच लिटरच्या आसपासच निघतं, आत जवळपास सात असतं. म्हणून काढा, होंडाचं डीडब्ल्यू-१ भरा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, पुन्हा काढा. असं तीनदा केलं की पाऊण हिस्सा तेल नवं होतं. मशीन लावून दाबानं धुवायची हौस मी करत नाही. पातळी बघायची ती इंजिन गरम करून, बंद केल्यावर एक ते दीड मिनिटात. आणि टॉवेलवाला असून सांगतो, डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) टॉवेलनं पुसू नका. एक धागा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. कागद वापरा.

एवढं करूनही डॅशबोर्डवरचा गिअरचा 'डी'चा दिवा लुकलुकत राहिला तर तेलाचा प्रश्न संपला. स्कॅनर लावून कोड काढा. बऱ्याचदा बाहेरून बदलता येणारा प्रेशर स्विच निघतो, अख्खा गिअरबॉक्स नव्हे.

टायर चारही एकाच मापाचे, शक्यतो एकाच वेळी घेतलेले ठेवा. दोन नवे दोन गुळगुळीत असले की क्लच सरळ रस्त्यावरही राबत राहतो. रस्त्यात बंद पडलीच तर दोन चाकं उचलून ओढून न्यायला येणाऱ्याला परत पाठवा आणि सपाट पाट्याची गाडी मागवा. मोहोळजवळ रात्री अकराला मी त्यासाठी तीन तास बसलो होतो, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून निभावलं.