बॅलन्स बाइक घ्यायच्या आधी पाय मोजा

बॅलन्स बाइक म्हणजे पेडल नसलेली, पायांनी जमीन ढकलत चालवायची छोटी सायकल. तिच्या खोक्यावर '२ ते ५ वर्षे' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मुलाला बूट घालून भिंतीला टेकवून उभं करा, दोन पायांमध्ये एखादं जाड पुस्तक वर सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. सीट सगळ्यात खाली केल्यावर या मापापेक्षा दोनेक सेंटिमीटर कमीच भरायला हवी. दोन्ही तळवे सपाट टेकले, गुडघे किंचित वाकले, की पोर आपणहून ढकलायला लागतं. चवड्यांवर उभं राहावं लागलं, तर आठवड्याभरात त्या सायकलवर टॉवेल वाळत पडतात.

उचलूनही बघा. १२ किलोच्या मुलाला चार किलोपेक्षा जड नको. शिवाजी पार्कहून परतताना ती तुमच्याच खांद्यावर येणार असते. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर कडक प्लॅस्टिकची चाकं खडखडतात, पावसात ओल्या फरशीवर सरकतात. हवेचे रबरी टायर बरे. दीड वर्षाच्या आतल्यांना पायाने ढकलायची बुटकी, रुंद चारचाकी पुरे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो शोधा. हेल्मेट मात्र पहिल्याच दिवशी घाला. नंतर डोक्याला हात लावू देत नाहीत.