नोटीस लष्कराची, वाचायची आपण

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लष्कराचा कागद लागला की तासाभरात माझ्या सेवा केंद्रात चार-पाच जण हजर होतात. हातात मोबाईल, त्यात त्या कागदाचा तिरका, सावली पडलेला फोटो, आणि तोंडात एकच प्रश्न : "ताई, बघ बरं, जमीन गेली का?"

आमचं गाव के. के. रेंजच्या कडेला. के. के. म्हणजे खारे कर्जुने, नगरजवळचं गाव. तिथल्या माळावर रणगाड्यांचा आणि तोफांचा गोळीबार सराव चालतो. जेवताना खिडकीची काच थरथरली तर आमच्याकडं कोणी ताटातून मान वर करत नाही, पण कागद लागला की घाम फुटतो. माझे सासरे पलटणीतून नायक होऊन घरी आले. त्यांच्या पेन्शनचे कागद वाचता वाचता मी हे काम शिकले. जे शिकले ते इथं लिहिते.

पहिली सवय : कागद खालून वर वाचायचा. वरचे सिंह आणि मोठी अक्षरं बघून माणूस घाबरतो, पण खरा धनी खाली सहीत असतो. खाली जिल्हाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकारी असेल तर कागद बहुधा गोळीबाराचा किंवा जमिनीचा. माजी सैनिक कल्याण विभागाचा अवर सचिव असेल तर पेन्शनचा. भरती कार्यालयाचा संचालक असेल तर पोरांच्या भरतीचा. छावणी परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असेल तर घरपट्टी, दुकानगाळे नाहीतर टेंडर, त्याचा आपल्या शेताशी काही संबंध नसतो. सहीच नसेल, तर तो कागद आधी बाजूला ठेवा. त्याकडं शेवटी येऊ.

आता आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारा कागद, गोळीबाराचा.

त्याची भाषा साधारण अशी असते : "मैदानी गोळीबार व तोफखाना सराव अधिनियम १९३८ अन्वये खालील क्षेत्रात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सराव होणार असल्याने सदर धोकादायक क्षेत्रात कोणीही प्रवेश करू नये व जनावरे सोडू नयेत." कायदा इंग्रजांच्या काळातला आहे, पण आजही चालतो. यात चार जागी पेन्सिलनं रेघ मारायची.

एक, क्षेत्र. गावाचं नाव दिसलं म्हणजे अख्खं गाव नव्हे. खाली गट नंबर किंवा चतुःसीमा दिलेल्या असतात, ओढा, रस्ता, टेकडी अशा खुणांनी. तुमचा सातबारा शेजारी ठेवा आणि गट जुळवा. नकाशा जोडलेला असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं (आमच्यासाठी तलाठीच, नाव बदललं तरी) जाऊन तो मोठा करून बघा. फळ्यावरच्या झेरॉक्समध्ये नकाशाचा नुसता काळा डाग होतो.

दोन, तारीख. इथं लोक हमखास फसतात, कारण तारखा दोन प्रकारच्या असतात. राज्य सरकार एखादं क्षेत्र सरावासाठी काही वर्षांकरता अधिसूचित करतं, तो एक कागद. त्या वर्षांमध्ये प्रत्यक्ष गोळे कोणत्या दिवशी पडणार, तो दुसरा. पहिल्या कागदावरची वर्षं वाचून "एवढी वर्षं शेतात जायचं नाही" असं समजून रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तेवढी वर्षं परवानगी असते. आत जायची बंदी सरावाच्या दिवसांपुरती आणि वेळेपुरती.

तीन, वेळ. यात मीच एकदा तोंडघशी पडले. लष्करी वेळ चोवीस तासांची असते आणि मधे टिंब नसतं. ०६०० म्हणजे सकाळचे सहा, १८०० म्हणजे संध्याकाळचे सहा, २४०० म्हणजे मध्यरात्र. कागदावर ०६०० ते २४०० होतं. मी घाईत "सकाळी सहा ते दिवसभर" असं सांगितलं. आमच्या वस्तीवरचे एक धनगर बाबा दिवस मावळल्यावर, आता थांबलं असेल म्हणून, मेंढरं घेऊन निघाले. पहाऱ्यावरच्या जवानानं बॅटरी मारून परत फिरवलं म्हणून निभावलं. रात्रीचाही सराव असतो. त्या दिवसापासून मी वेळ मराठीत, शब्दांत लिहून देते. आकडा सांगत नाही.

चार, कागदात नसलेली गोष्ट : निशाण. सराव चालू असताना लाल निशाण वर असतं, रात्री लाल दिवा. तारीख संपली असेल आणि निशाण वर असेल, तर निशाणाचं ऐकायचं.

आणि सराव संपल्यावरचा नियम, जो बहुतेक नोटिशींच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असतो : न फुटलेला गोळा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना किंवा जवळच्या लष्करी ठाण्याला कळवा. फौजी अशा गोळ्याला "ब्लाइंड" म्हणतात. गंजलेला, मातीत अर्धा रुतलेला, निरुपद्रवी दिसतो. तांब्या-पितळेला भाव येतो म्हणून आमच्या भागात लोक तो उचलतात, छिन्नीनं फोडतात, आणि अशी माणसं गेलेली आहेत. ही ओळ मी वाचून दाखवताना दोनदा वाचते. समोरच्याला कंटाळा आला तरी.

भरपाईबद्दल कोणी विचारत नाही, कारण ती मिळते हेच माहीत नसतं. याच १९३८ च्या कायद्यात सरावामुळं झालेल्या नुकसानीची भरपाई सांगितली आहे. धोक्याच्या क्षेत्रातून माणसं-जनावरं बाहेर ठेवल्यामुळं बुडालेली मजुरी आणि खराब झालेलं पीकसुद्धा त्यात धरतात. नुकसान ठरवायचं काम महसूल अधिकाऱ्याचं. तेव्हा पीक तुडवलं गेलं, विहिरीचा कठडा ढासळला, तर त्याच दिवशी तारीख दिसेल असा फोटो काढा, साध्या कागदावर अर्ज लिहा, पंचनामा मागा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगून आलेल्या माणसाला पुढच्या वर्षी "कधी झालं होतं?" असं विचारतात.

आता जमीन. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांतल्या २३ गावांना "आर-टू" (रेंजलगतचं, सरावासाठी अधिसूचित केलेलं दुसरं क्षेत्र) हा शब्द पाठ आहे. सोपं करून सांगते. कागदावर नुसता "अधिसूचित" हा शब्द असेल तर जमीन तुमचीच आहे, सरावापुरता वापर होणार. "संपादित" किंवा "भूसंपादन" हा शब्द असेल तर मालकीचा प्रश्न आहे. दोन्ही शब्द अवघड, दोन्ही सरकारी, आणि फळ्यापुढं उभं राहून वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. भूसंपादनासाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे. त्याची कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. म्हणून कागदात आधी कायद्याचं साल शोधा. १९३८ दिसलं तर जनावरं बांधा आणि तारखा लिहून घ्या. २०१३ दिसलं तर अधिसूचना निघाल्याच्या दिवसापासून ६० मोजायला लागा, वकील गाठा, आणि गावानं एकत्र जा. एकेकट्यानं नाही.

पेन्शनचे कागद वेगळ्या जातीचे. ते फळ्यावर लागत नाहीत, व्हॉट्सअॅपवर येतात, आणि मूळ कागदाआधी त्याचा अर्थ येतो. चुकीचा.

समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन, म्हणजे ओरॉप. मूळ आदेश ७ नोव्हेंबर २०१५ चा, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी फेरआखणी. सासरे २०१७ मध्ये गेले, सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. जानेवारी २०२३ मध्ये पुढच्या फेरआखणीचं पत्र निघालं, लागू १ जुलै २०१९ पासून. सगळ्या गटांवर एकच आरोळी : थकबाकी चार हप्त्यांत! सासूबाई म्हणाल्या, "चार सहामाही म्हणजे दोन वर्षं. तोवर मी राहते का नाही कोण जाणे." मी मूळ पत्र उघडलं. चार हप्त्यांचं वाक्य होतंच, पण त्यालाच लागून लिहिलं होतं की कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना आणि शौर्य पुरस्कार विजेत्यांना एकाच हप्त्यात. त्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठी ३० एप्रिल २०२३ ही तारीखही घालून दिली. सासूबाईंना ते वाक्य बोट ठेवून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण "फॅमिली" एवढा शब्द त्यांनी ओळखला.

तेव्हा अशा पत्रात चार गोष्टी बघा. वर संदर्भात कोणती जुनी पत्रं दिली आहेत, कारण नवं पत्र बहुधा जुन्यात भर घालतं, त्याला पुसत नाही. "पासून लागू" ही तारीख, जी पत्राच्या तारखेपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मागे असू शकते, आणि तेवढी थकबाकी निघते. मग "हे कोणाला लागू नाही" हा परिच्छेद. १ जुलै २०१४ नंतर स्वतःहून अर्ज करून मुदतीआधी घरी आलेल्यांना ओरॉपमधून वगळलं आहे, आणि ते अनेकांना तक्ता बघून हिशोब मांडल्यावरच कळतं. तक्ता सगळ्यात शेवटी. त्यात आधी हुद्दा, मग फौजेतल्या कामाचा गट, मग सेवेची वर्षं, आणि सगळ्यात आधी खरं तर तक्त्याचं शीर्षक. सेवा पेन्शनच्या तक्त्यात विधवेची रक्कम शोधत बसलेले लोक रोज येतात. तिचा तक्ता वेगळा असतो. सेवेची वर्षं आठवणीनं सांगू नका, पीपीओवरून (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून) बघा.

"स्पर्श" ही पेन्शनची नवी व्यवस्था आल्यापासून हयातीचा दाखला आमच्यासारख्या सेवा केंद्रातही होतो. नोव्हेंबर महिना सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे, पण स्पर्शवर ज्याच्या त्याच्या खात्यात पुढची तारीख दिसते. ती बघा. अंगठे उठत नसतील तर घाबरू नका. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांचे अंगठे खुरपं धरून धरून गुळगुळीत झालेत, यंत्र त्यांना ओळखतच नाही. मी त्यांना मोबाईलपुढं बसवते. चेहरा दाखवून दाखला करायची सोय २०२१ पासून आहे. डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या आणि पापण्या लववा, एवढंच. पदर मागे घ्यायलाच जास्त वेळ लागतो.

भरतीच्या जाहिरातीबद्दल थोडक्यात, कारण पोरं माझ्यापेक्षा हुशार आहेत, पण दोन गोष्टी त्यांच्याही नजरेतून सुटतात. जन्मतारखेच्या दोन मर्यादा दिलेल्या असतात, दोन्ही दिवस धरून. दहावीच्या कागदावरची तारीख आणि आधारवरची तारीख एक नसेल तर अर्ज भरण्याआधी दुरुस्त करा, मेळाव्याच्या मैदानावर रडून उपयोग नाही. दुसरी गोष्ट पैशाची. अग्निवीराला चार वर्षांनी सेवानिधी ११.७१ लाख मिळेल असं ठळक अक्षरात छापलेलं असतं. त्यातले ५.०२ लाख त्याच्याच पगारातून दरमहा कापलेले, तेवढेच सरकारनं घातलेले, वरचं व्याज. पहिल्या वर्षी पगार ३०,०००, हातात येतात २१,०००. जाहिरात खोटं सांगत नाही, पण घर बांधायचा हिशोब करणाऱ्या बापानं हातात येणारा आकडा धरावा. आणि चौघांतला एकच पुढं कायम होऊ शकतो, तेही त्याच कागदात आहे.

आता बाजूला ठेवलेला बिनसहीचा कागद. त्यावर पत्र क्रमांक आहे का? तारीख आहे का? संकेतस्थळाचा पत्ता दिला असेल तर तो डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असा संपतो का? पैसे किंवा ओटीपी मागितलाय का, "सैनिकांसाठी मदत" म्हणून खाते क्रमांक दिलाय का? तसं असेल तर पुढं वाचूच नका. पत्र सूचना कार्यालयाचा सत्यशोधन विभाग असे बनावट कागद नावानिशी खोटे ठरवतो, तिथं शोधा. शंका उरली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

सगळे भोंगेही संरक्षण खात्याचे नसतात. ७ मे २०२५ च्या मॉक ड्रिलचा आदेश गृह मंत्रालयाचा होता, नागरी संरक्षणाचा. आमच्याकडं मात्र "मिलिटरीनं सांगितलंय" म्हणून किराणा दुकानातली मेणबत्ती संपली. तसाच तो "नोटाम", जो आला की व्हॉट्सअॅप गटावर युद्ध सुरू होतं. तो वैमानिकांसाठी असतो, अमुक आकाशातून अमुक वेळात जाऊ नका एवढं सांगणारा. तुमचं विमान नसेल तर तो पुढं पाठवायची गरज नाही.

आज सकाळीही एक कागद लागलाय. खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही, साल १९३८. गट नंबर जुळवून झाले. आपल्यातल्या अकरा घरांची शेतं त्यात येतात, त्यांना फोन केले. फळ्यावर कागदाखाली खडूनं लिहून आलेय : "शुक्रवारपर्यंत. सकाळी सहा ते रात्री बारा. ओढ्यापलीकडं मेंढरं नेऊ नका. जमीन गेलेली नाही."