कंपनीचा टेप न काढता गाडीत अ‍ॅम्प आणि सबवूफर कसा बसवावा

ढोलकीची शाईकडची बाजू खणखणीत वाजते, पण धुमेचा घुमारा कुठं गेला तेच कळत नाही. नव्या गाडीच्या टेपबद्दल पहिली तक्रार हीच असते. (टचस्क्रीन आली तरी आम्ही त्याला टेपच म्हणतो.) टेप बिघडलेला नसतो. खोक्यावर काहीही छापलेलं असो, कंपनीच्या टेपमधून एका स्पीकरला खरी ताकद मिळते ती साधारण १५ ते २० वॅट. तेवढ्यावर दारातला साडेसहा इंची स्पीकर खालचे सूर काय हलवणार? त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प (आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि वूफर (फक्त खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, तोच सबवूफर) लागतो. टेप मात्र जागचा हलवावा लागत नाही.

खरेदीला जाण्याआधी डिकी उघडून बघा. सीएनजीची टाकी असेल तर मोठ्या बॉक्सचा नाद सोडा आणि सीटखाली बसणारा ८ इंची सबवूफर घ्या. त्यात अ‍ॅम्प आतच असतो आणि निम्मं काम वाचतं. डिकी मोकळी असेल तर १२ इंची वूफर आणि बंद बॉक्स. बंद बॉक्सला साधारण एक घनफूट जागा पुरते आणि ठेका आटोपशीर येतो. भोकाचा, म्हणजे पोर्टेड बॉक्स जास्त दणका देतो, पण डिकी खातो.

वॅट बघायचे ते फक्त आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. ‘२००० वॅट’ हा आकडा खोक्याच्या शोभेसाठी असतो. लहान गाडीला २५० ते ३०० आरएमएस भरपूर झाले. डॉल्बी लावून मिरवणूक काढायची नाही आपल्याला. अ‍ॅम्प किती ओहमपर्यंत (ओहम म्हणजे वूफरचा विद्युत रोध) चालतो तेही वाचा. ४+४ ओहमच्या दुहेरी कॉइलचा वूफर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडला की २ ओहम होतो. ४ ओहमलाच चालणारा अ‍ॅम्प त्यावर तापतो आणि बंद पडतो.

वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. पूर्ण तांब्याची मागा. ३०० वॅटला ८ गेज पुरते, ५०० च्या आसपास जायचं असेल तर ४ गेज. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, इथं गल्लत होते.

कामाला सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढून. ती सगळी जोडणी झाल्यावरच परत लावायची. काही टेप बॅटरी सुटली की कोड मागतात, तो आधी हाताशी ठेवा.

आता पॉझिटिव्हची मुख्य वायर. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. ८ गेजला ४० अ‍ॅम्पिअरचा चालतो. अ‍ॅम्पवर फ्यूज असतो, मग हा कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर वायर कुठंही पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट तिथं उतरतो. ‘जाळ अन् धूर संगटच’ हे आपण कौतुकानं म्हणतो. गालिच्याखाली ते खरंच होतं. इंजिनकडून केबिनमध्ये येताना वायर भोकात बसवलेल्या रबरी कड्यामधूनच (ग्रोमेट) घ्या, नुसत्या भोकातून कधीच नको. पुढं दाराच्या उंबऱ्याच्या प्लॅस्टिकखालून मागं न्या. वाटेत पिवळी वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर हात लावू नका, ती एअरबॅगची असते.

अर्थिंगनं, म्हणजे अ‍ॅम्पची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्यानं, मला दोन रविवार दमवलं. मागच्या सीटचा बोल्ट सैल केला, लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) अडकवला, आवळला, झालं. कागलकडं निघालो आणि अ‍ॅक्सिलरेटरबरोबर स्पीकरमधून ‘कुंईंऽऽ’ चढायला लागलं. गाडी थांबवली की गायब. टेप बदलायच्या विचारात होतो, तेवढ्यात लग काढून बघितला. खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत! अर्थ मिळत होता तो बोल्टच्या आट्यांमधून, तोही अर्धामुर्धा. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, लग दाबून आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. आपल्याकडच्या पावसात उघडा पत्रा महिन्यात गंजतो. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि दीड-दोन फुटांहून लांब नसावी. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नका. जाड वायरीला लग पकडीनं नीट दाबला जात नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ओळखीचं वर्कशॉप असेल तर तिथून दाबून आणा.

आवाज घ्यायचा कुठून? कंपनीच्या टेपला बहुधा आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल देणारी गोल सॉकेटं) नसतात. अ‍ॅम्पला ‘हाय लेव्हल इनपुट’ असेल तर मागच्या दोन स्पीकरच्या वायरी तिथंच जातात. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारी डबी) लावायचा. दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस वेगवेगळे ठेवा. टेपच्या स्पीकरचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. तो बॉडीला टेकला तर टेपचा आयसी जाऊ शकतो. वायर कापण्यापेक्षा तुमच्या गाडीचा तयार कपलर घ्या, म्हणजे वॉरंटीवरून वादाला जागा कमी राहते. आरसीए वायर पॉझिटिव्हच्या विरुद्ध बाजूनं न्या.

रिमोटची बारीक वायर अ‍ॅम्पला चालू-बंद करते. ती चावी फिरवल्यावरच सप्लाय येणाऱ्या फ्यूजवरून घ्यायची. कायम चालू असलेल्या सप्लायवर जोडली की सकाळी गाडीला धक्का मारायला शेजारी शोधा. हाय लेव्हलवर आपोआप चालू होणारा अ‍ॅम्प असेल तर ही वायर लागतच नाही.

अ‍ॅम्प डिकीच्या तळाला स्क्रूनं ठोकू नका, खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात. मागच्या सीटच्या पाठीला प्लायची फळी लावून त्यावर बसवा. तळाला पाणी आलं तरी तो वाचतो. बॉक्सही पट्ट्यानं बांधा. करूळ घाटात जोरात ब्रेक लागला तर १५-२० किलोचा बॉक्स पुढं यायला बघतो.

शेवटी गेन, म्हणजे टेपच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घेणारा खटका. हा व्हॉल्यूमचा खटका नव्हे, तरी सगळे तोच पिळतात आणि वूफर जाळतात. वूफर सोडवा, टेपचा बेस-ट्रेबल मध्यावर आणा, व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश करा आणि ५० हर्ट्‌झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धरा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट दिसले की थांबा. २५० वॅट, ४ ओहमला हजाराचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३१.६ व्होल्ट. मग टोन बंद करून वूफर जोडा. लो पास (ठरवलेल्या आकड्यावरचे सूर वूफरकडं जाऊ न देणारी गाळणी) ८० हर्ट्‌झला, बेस बूस्ट शून्यावर. फेजचं (वूफरची हालचाल उलटसुलट करणारं) बटन दोन्हीकडं करून बघा आणि ज्या बाजूला ठेका भरदार वाटतो तिथं ठेवा.

अर्धा तास वाजवून फ्यूज होल्डरला हात लावा. गरम असेल तर कुठंतरी लग सैल आहे. मग डिकी लावून मागं उभे राहा आणि कुणाला तरी गाणं वाजवायला सांगा. बहुतेक गाड्यांत वूफरआधी नंबर प्लेट वाजते, खुळखुळ्यासारखी. तिच्या मागं फोमची पट्टी चिकटवली की ती गप्प होते.