संगणकातून डॅकपर्यंत आकडे जसेच्या तसे कसे पोचवावेत

डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपातला आवाज विद्युत संकेतात बदलणारं उपकरण. त्याच्याकडे जाणारे हे आकडे बहुतेक वेळा संगणकाच्या आतच बदलतात. यूएसबी केबल खराब असेल तर टकटक ऐकू येते, आवाज तुटतो, पण त्याचा पोत बदलत नाही. म्हणून केबलवर खर्च करण्याआधी सेटिंग तपासा.

विंडोज सगळ्या प्रोग्रामचे आवाज एका मिक्सरमध्ये एकत्र करते, आणि हा मिक्सर ठरलेल्या एकाच सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ठराविक नमुन्यांवर (सॅम्पल), चालतो. तो ४८ किलोहर्ट्झवर असेल आणि फाइल ४४.१ ची, तर दर १४७ सॅम्पलच्या जागी गणिताने १६० नवी सॅम्पल बनतात. रेट जुळवला तरी पुढे लिमिटर असतो, तो कमाल पातळीजवळची शिखरं दाबतो. त्यामुळे मिक्सर टाळणं हाच खरा उपाय.

कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडमध्ये जा, डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उघडा आणि प्रोग्रामला एक्सक्लुझिव्ह ताबा घेऊ देणाऱ्या खुणा चालू ठेवा. मग प्लेअरच्या आउटपुटमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा डॅकचा असिओ ड्रायव्हर निवडा; हे दोन्ही मिक्सर टाळणारे मार्ग आहेत. फॉरमॅट चालत नाही असा संदेश आला तर आउटपुट २४ किंवा ३२ बिट (प्रत्येक सॅम्पलच्या आकड्याची लांबी) करा. काही डॅक १६ बिट घेतच नाहीत. १६ बिटच्या मागे शून्यं जोडल्याने मूळ आकड्यांना धक्का लागत नाही.

मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये डॅकचा रेट फाइलइतका ठेवा, किंवा रेट आपोआप बदलणारा प्लेअर वापरा. लिनक्सवर आल्सा या ध्वनी यंत्रणेचं 'एचडब्ल्यू' डिव्हाइस प्लेअरला थेट द्या. 'प्लगएचडब्ल्यू' गरज पडली की गुपचूप रूपांतर करतं.

प्लेअरमधला इक्वलायझर, क्रॉसफेड (दोन गाणी एकमेकांत मिसळणं) आणि रिप्लेगेन (गाण्यांची पातळी आपोआप जुळवणं) बंद करा. आवाजाची पातळी १०० टक्के ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायर अगदी खाली आणा, नाहीतर स्पीकरला धोका आहे. सॉफ्टवेअरमध्ये ६ डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्च होतो. १६ बिटची फाइल २४ बिटच्या मार्गाने जात असेल तर हे नुकसान कानाला कळणार नाही, पण आकडे बदलले हे खरंच. ब्लूटूथ या कामासाठी विसरा, कारण एसबीसी, एएसी, एलडॅक हे सगळे कोडेक (पाठवण्यासाठी आवाज आकुंचित करण्याच्या पद्धती) माहिती गाळतात. ऑप्टिकल केबलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवसा ठेवावा.

आता पडताळणी. ४४.१ ची आणि ९६ ची फाइल पाठोपाठ लावा. डॅकवरचा रेट बदलला नाही तर मिक्सर अजून मध्ये आहे. बदलला, तरी व्हॉल्यूम कुठे खाली नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी डीएसडी फाइल (एकेका बिटच्या अतिवेगवान सॅम्पलमध्ये साठवलेला आवाज) डीओपी पद्धतीने, म्हणजे नेहमीच्या २४ बिटच्या सॅम्पलमध्ये भरून, पाठवा. त्यात २४ पैकी वरचे ८ बिट फक्त खूण असतात, आणि ती बिघडली की डॅकला डीएसडी ओळखता येत नाही. डीएसडीचा दिवा लागला तर त्या वेळचा मार्ग शुद्ध आहे. नुसती खरखर आली तर व्हॉल्यूम आणि इक्वलायझर पुन्हा बघा. मात्र काही प्लेअर डीएसडी लावताना स्वतःचा व्हॉल्यूम आपोआप बाजूला ठेवतात, म्हणून नेहमीच्या गाण्यांसाठी तो वेगळा तपासा.